लिमिटेड एडिशन फोटो प्रिंट विकायच्या आहेत? फाइल निवडण्यापासून शेवटची प्रिंट जाईपर्यंत काय काय करायचं

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. एचिंग, ड्रायपॉइंट म्हणजे धातूच्या प्लेटवर चित्र कोरून त्यावरून छापे काढायच्या जुन्या पद्धती, ते करणाऱ्यांची प्लेट दर छाप्याला थोडी थोडी झिजायची, ड्रायपॉइंटची ती बारीक उठलेली कड तर पहिल्या काही छाप्यांतच बसून जायची, त्यामुळे चांगले छापे मोजकेच निघायचे. एडिशन म्हणजे एका चित्राच्या आधीच ठरवलेल्या मोजक्या प्रती, ही कल्पना त्या जगातून आलीये. फोटोच्या निगेटिव्हला अशी झीज जवळजवळ नाही आणि डिजिटल फाइलला तर अजिबातच नाही, पहिली प्रिंट आणि हजारावी प्रिंट सारखीच निघणार. मग समजा तुम्ही एका फोटोच्या फक्त २० प्रिंट काढणार म्हणालात, तर २० च का? तर तुम्ही २० म्हणालात म्हणून, दुसरं काही कारण नाही. म्हणजे समोरचा माणूस जे पैसे मोजतो त्यातला मोठा भाग तुमच्या शब्दाचा असतो, आणि खाली मी जे काही लिहिलंय, पेपर, सही, रजिस्टर, पॅकिंग, ते सगळं तो शब्द पाळता यावा आणि पाळलाय हे दाखवता यावं यासाठी आहे.

ब्रेट वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरने १९९१ साली आपल्या ८०व्या वाढदिवशी स्वतःची बरीचशी निगेटिव्ह जाळून टाकली, आपल्यामागे दुसऱ्या कुणी त्यातून प्रिंट काढू नयेत म्हणून. आपल्याला ती सोय नाही. फाइल डिलीट केली तरी बॅकअपला असते, क्लाउडला असते, लॅबच्या मशीनमध्ये पडलेली असते. म्हणून आपल्याकडे लेखी नोंद हाच आधार.

फोटो कुठला घ्यायचा

सगळ्याच फोटोंची एडिशन काढायची नसते. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स या अमेरिकन फोटोग्राफरने त्याच्या १९४१ च्या त्या प्रसिद्ध चंद्रोदयाच्या फोटोच्या आयुष्यभरात शेकडो प्रिंट काढल्या, आकडा कधी बांधला नाही, तरी लोक त्याच्यामागे धावतात. तेव्हा एडिशन काढली की फोटोला आपोआप किंमत येते असं काही नाही, आधी फोटो भिंतीवर टिकायला हवा. माझी पद्धत साधी आहे, छोटी प्रिंट काढायची आणि रोज येताजाता दिसेल अशी निदान तीन आठवडे लावून ठेवायची. स्क्रीनवर भरपूर लाइक मिळालेले कितीतरी फोटो दहाव्या दिवशी नजरेला दिसेनासे होतात. जो फोटो तिसऱ्या आठवड्यातही पाय थांबवतो तो घ्या.

कागदपत्रांचंही इथेच बघून घ्या. फोटो एखाद्या कामाच्या करारात काढला असेल तर कॉपीराइट तुमचाच आहे का, ओळखू येणारा माणूस असेल तर त्याची लेखी परवानगी आहे का. प्रिंट विकायला लागल्यावर हे शोधत बसणं फार त्रासाचं होतं.

आकडा ठरवणे, आणि इथे घाई नको

सगळ्यात जास्त घोळ इथे होतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. नुसतं '२० ची एडिशन' म्हणणं पुरेसं नाही. २० कशाच्या? या फोटोच्या या एका मापाच्या २०, की सगळी मापं मिळून २०? अनेक जण लहान मापाच्या ५०, मधल्या मापाच्या २५, मोठ्या मापाच्या १० अशा वेगवेगळ्या एडिशन लावतात, आणि त्यात चूक काही नाही, पण मग त्या फोटोच्या जगात एकूण ८५ प्रिंट होणार आहेत हे पहिल्याच दिवशी, पहिल्याच ग्राहकाला, स्पष्ट अक्षरात सांगितलेलं पाहिजे.

न सांगितलं तर काय होतं याचं उदाहरण विल्यम एगल्स्टन या अमेरिकन फोटोग्राफरचं आहे. मार्च २०१२ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीज या लिलाव कंपनीत त्याच्या ३६ मोठ्या इंकजेट प्रिंट लिलावात गेल्या आणि मिळून सुमारे ५९ लाख डॉलर आले. त्यातले काही फोटो आधी लहान मापात, डाय ट्रान्स्फर या रंगीत छपाईच्या जुन्या पद्धतीने, मर्यादित एडिशनमध्ये विकलेले होते. त्या जुन्या प्रिंट ज्याच्याकडे होत्या अशा एका संग्राहकाने कोर्टात दावा लावला की माझ्या प्रिंटची किंमत यामुळे पडली. २०१३ मध्ये कोर्टाने दावा फेटाळला, नवं माप आणि नवी पद्धत म्हणजे वेगळी एडिशन, असं धरलं. म्हणजे कायद्याने एगल्स्टन जिंकला. पण तुम्ही आणि मी एगल्स्टन नाही आहोत, आपल्या पहिल्या दहा ग्राहकांपैकी एकाला जरी वाटलं की आपल्याला फसवलं, तर तो माणूस परत येत नाही आणि तो आणखी चार जणांना सांगतो. माझं मत स्पष्ट आहे, सुरुवात करणाऱ्याने सगळी मापं मिळून एकच आकडा ठेवावा, १० ते २५ च्या मधला.

आकड्याला कायद्यातही अर्थ आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. युरोपियन युनियनच्या व्हॅटच्या नियमात फोटोला कलाकृती मानायचं असेल तर तो फोटोग्राफरने काढलेला, त्याने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली छापलेला, सही आणि नंबर असलेला, आणि सगळी मापं व माउंट धरून ३० प्रतींच्या आत लागतो. अमेरिकेत १९९० च्या व्हिज्युअल आर्टिस्ट्स राइट्स अ‍ॅक्टखाली प्रदर्शनासाठी काढलेल्या फोटोला संरक्षण मिळतं ते सही आणि ओळीने नंबर असलेल्या २०० किंवा कमी प्रतींच्या एडिशनला. तुमचे ग्राहक कुठले आहेत ते बघा आणि त्याप्रमाणे आकडा धरा, एकदा जाहीर केल्यावर तो खाली आणता येतो पण वर नेता येत नाही.

आर्टिस्ट प्रूफ म्हणजे एपी, या एडिशनच्या बाहेरच्या तुमच्या स्वतःच्या प्रती, दोन किंवा तीन पुरेत, साधारण एडिशनच्या दहा टक्के धरतात. त्यांचाही आकडा जाहीर करा, लपवून ठेवलेले एपी म्हणजे मागच्या दाराने वाढवलेली एडिशनच.

फाइल तयार करणे

गणित सोपं आहे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फाइल ६००० बाय ४००० पिक्सेल, ३०० पीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, छापली तर २० बाय साधारण १३ इंच होते. २०० पीपीआयने ३० बाय २० इंच, आणि एवढी मोठी प्रिंट माणूस लांबूनच बघतो त्यामुळे चांगल्या फाइलला ते चालून जातं. त्याहून मोठं करायचं असेल तर आधी टेस्ट काढा, चेहऱ्यावरची किंवा पानांवरची बारीक डिटेल असलेली एक पट्टी खऱ्या मापात छापा, अख्खा कागद वाया घालवायची गरज नाही.

प्रिंट काळपट आली ही नव्या लोकांची एक नंबरची तक्रार, आणि बहुतेक वेळा दोष प्रिंटरचा नसतो तर स्क्रीनचा असतो. घरचा मॉनिटर फुल ब्राइटनेसला ठेवून एडिट केलेलं असतं. मॉनिटर कॅलिब्रेट करा, ब्राइटनेस ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास आणा, आणि ज्या पेपरवर छापणार त्याचं आयसीसी प्रोफाइल (त्या पेपरवर रंग कसे येतात ते सांगणारी फाइल) घेऊन सॉफ्ट प्रूफ बघा, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल ते स्क्रीनवरच बघा. मॅट कागदावर काळा रंग बॅरायटाएवढा (हा थोडी चमक असलेला फोटो पेपर) गडद येत नाही, हे स्क्रीनवर आधीच दिसलं की सावल्या कुठे उचलायच्या ते कळतं.

सगळं जमलं की एक मास्टर फाइल बनवा, १६ बिट टिफ, लेयर एकत्र केलेली, नावातच फोटोचं नाव, माप, पेपर आणि तारीख. ती फाइल लॉक. नंतर कधीतरी रात्री बसून 'आकाश जरा अजून गडद केलं तर' असं वाटेल, करायचं नाही. १/२० म्हणजे वीसपैकी पहिली आणि २०/२० म्हणजे शेवटची, दोन्ही एकाच फाइलमधून आल्या पाहिजेत.

पेपर आणि छपाई

शाई पिगमेंटचीच हवी, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेली, विरघळलेल्या रंगाची डाय शाई उजेडात लवकर उडते. पेपर शंभर टक्के कॉटनचा किंवा अ‍ॅसिड फ्री अल्फा सेल्युलोजचा (लाकडाच्या शुद्ध केलेल्या लगद्याचा), ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपास, म्हणजे हातात घेतल्यावर वजन जाणवतं. हानेम्युले या जर्मन कंपनीचा फोटो रॅग हा पेपर ३०८ जीएसएमचा आहे आणि बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. पेपर घेताना ओबीए आहे का ते वाचा, हे पांढरेपणा वाढवणारं रसायन असतं, वर्षानुवर्षांत त्याचा असर गेला की कागद पिवळट दिसायला लागतो. मी ओबीए नसलेलाच घेतो, सुरुवातीला जरा पिवळसर वाटतो पण आज आहे तसाच राहतो.

कॉटन पेपरची एक खोड सांगतो जी मला फार उशिरा कळली. कापलेल्या कागदावर बारीक तंतू आणि भुसा बसलेला असतो, त्याच्यावरच शाई पडते, आणि मग आठवड्याने तो तंतू गळून पडला की गडद भागात टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका उघडा पडतो. तोवर प्रिंट ग्राहकाच्या घरी पोचलेली असते. म्हणून छापायच्या आधी प्रत्येक शीट उभी धरून मऊ रुंद ब्रशने वरून खाली झाडायची, प्रिंटरजवळ नाही, दुसऱ्या टेबलावर. छापून झाल्यावर दिवा बाजूला घेऊन तिरक्या उजेडात पूर्ण प्रिंट बघायची, ओरखडा असो, रोलरचा माग असो, ठिपका असो, सगळं तिथे दिसतं. दिसलं की ती शीट फाडायची. जीव तुटतो पण फाडायची, 'चालून जाईल' म्हणून बाजूला ठेवलेली प्रिंट कधी ना कधी बाहेर पडतेच.

स्वतःचा प्रिंटर नसेल तर लॅबकडून करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही, पण पहिली प्रिंट समोर बसून पास करा. जुन्या छापखान्यांत अशा पास केलेल्या प्रतीला बाँ आ तिरे म्हणायचे, म्हणजे छापायला हरकत नाही. ती एक प्रत सही करून कायमची स्वतःकडे ठेवा आणि पुढची प्रत्येक प्रिंट तिच्याशेजारी ठेवून जुळवा. बाकीच्या टेस्ट प्रती फाडल्या आहेत आणि फाइल लॅबच्या मशीनवरून काढलीये हेही विचारून घ्या.

एकदम सगळ्या छापायच्या की ऑर्डर येईल तशा? पैसे अडकतात म्हणून बहुतेक जण ऑर्डरप्रमाणे छापतात, मीही तेच करायचो, आणि एका एडिशनच्या ७व्या प्रिंटनंतर तो पेपरच बाजारातून बंद झाला. दुसरा पेपर कितीही जवळचा असला तरी तो तोच नसतो. शेवटी ती एडिशन मी ७ वरच बंद केली आणि सातही जणांना तसं कळवलं. आता नियम केलाय, पहिल्याच दिवशी पाच-सहा प्रिंट काढून ठेवायच्या आणि उरलेल्या एडिशनपुरता कागद विकत घेऊन कोरड्या जागी, आडवा, मूळ पॅकिंगमध्ये ठेवायचा.

वर्णनात जिक्ले हा शब्द बरेच जण घालतात. १९९१ मध्ये नॅश एडिशन्स या अमेरिकेतल्या छपाई स्टुडिओमधल्या जॅक डुगनने तो इंकजेट प्रिंटसाठी काढला, फ्रेंचमधल्या फवारण्याच्या शब्दावरून. ऐकायला भारी वाटतो पण त्यातून पेपर-शाईचं काहीच कळत नाही, त्यापेक्षा सरळ 'कॉटन पेपरवर आर्काइव्हल पिगमेंट प्रिंट' लिहा. आणि '२०० वर्षं टिकेल' असं छातीठोकपणे लिहू नका, ते आकडे लॅबमधल्या ठरावीक उजेडात काढलेले अंदाज असतात, ग्राहकाने भर उन्हाच्या भिंतीवर लावली तर तो अंदाज लागू होत नाही.

सही, नंबर, सर्टिफिकेट

प्रिंट निदान एक दिवस उघडी सुकू द्या, मग सही. मॅट कॉटनवर साधी पेन्सिल सगळ्यात चांगली, ती फिकट होत नाही, फक्त फार टोकदार नको, कागदात रुतते. बॅरायटा किंवा ग्लॉसवर पेन्सिल धरत नाही, तिथे बारीक पिगमेंट इंक पेन, तेही आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर घासून बघून. जेल पेन आणि बॉल पेन नाहीच. फोटोखाली इंचभर तरी मार्जिन सोडलेलं असेल तर डावीकडे ४/२०, मध्ये फोटोचं नाव, उजवीकडे सही आणि वर्ष, ही रुळलेली पद्धत. फोटो काढल्याचं वर्ष आणि प्रिंट काढल्याचं वर्ष वेगळं असेल तर दोन्ही मागच्या बाजूला लिहा.

एकदा माझ्याकडून दोन प्रिंटवर ४/१५ पडलं. दुसरी पाठवण्याआधी लक्षात आलं म्हणून बरं, पण ती फाडावी लागली. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे, आधी रजिस्टरमध्ये ओळ लिहायची आणि मग पेन्सिल हातात घ्यायची.

रजिस्टर म्हणजे एक साधी एक्सेल शीट आणि तिची कागदावरची प्रत. नंबर, माप, पेपर, प्रिंटर, छापल्याची तारीख, विकल्याची तारीख, कुणाला, कितीला, सर्टिफिकेट नंबर, आणि शेरा. शेऱ्यात सगळं लिहा, प्रदर्शनाला गेली, परत आली, खराब झाली, बदलून दिली.

सर्टिफिकेटवर फोटोचं नाव, फोटोची चौकट आणि कागद दोन्हींची मापं, पेपर, शाई, एडिशनचा आकडा, एपी किती, इतर मापांच्या एडिशन असतील तर त्या, आणि तुमची सही. कॉपीराइट फोटोग्राफरकडेच राहतो, प्रिंट घेतली म्हणजे फोटो छापायचा हक्क मिळत नाही, ही ओळही घाला. नंबर असलेले होलोग्रामच्या जोडीचे स्टिकर मिळतात, एक प्रिंटच्या मागे एक सर्टिफिकेटवर, महागडी एडिशन असेल तर वापरा. ब्लॉकचेनवर नोंद करायचीही सोय आहे, हौस असेल तर करा, पण भिंतीवरची प्रिंट कुठली हे शेवटी सही आणि रजिस्टरच सांगतं.

किंमत

आधी खरा खर्च काढा: टेस्टसकट छपाई, फाडलेल्या शीट, सर्टिफिकेट, पॅकिंग, कुरिअर, पेमेंटचं कमिशन. आता गॅलरीचा विचार करा, आज नसली तरी, कारण गॅलरी साधारण ५० टक्के घेते. समजा तुमचा सगळा खर्च १०० झाला आणि तुम्ही १८० ला ऑनलाइन विकायला लागलात, उद्या गॅलरीने विचारलं तर तुमच्या हातात ९० येणार, म्हणजे घरातून १० घालायचे. आणि गॅलरीत एक रेट, स्वतःच्या साइटवर कमी, असं चालत नाही, रेट सगळीकडे एकच पाहिजे. म्हणून पहिल्याच दिवशी अर्धे गेले तरी पोट भरेल असा आकडा लावा.

एडिशन संपत जाईल तसा रेट वाढवणं ही चांगली पद्धत आहे. २० ची असेल तर पहिल्या ५ मूळ रेटने, पुढच्या ५ सव्वापट, मग दीडपट, शेवटच्या दोन-तीन दुप्पट. हा तक्ता आधीच जाहीर करा. यातून पहिल्या ग्राहकाने तुमच्यावर जो विश्वास टाकला त्याची कदर होते. उलट सेल लावला, तर त्याच माणसाला तुम्ही सांगताय की थांबला असतास तर बरं झालं असतं. रेट खाली आणायचा नाही. कमी बजेटच्या लोकांसाठी काही ठेवायचं असेल तर दुसऱ्या फोटोची बिनानंबरची ओपन एडिशन काढा, नाहीतर आठवडाभर ऑर्डर घ्यायच्या, जितक्या आल्या तितक्या छापायच्या आणि आकडा जाहीर करून कायमचं बंद करायचं.

ऑनलाइन दाखवणं

नुसती फाइल अपलोड करू नका, प्रिंटचा फोटो काढा. कागदाची कड, पेन्सिलची सही जवळून, तिरक्या उजेडात दिसणारा कागदाचा पोत, भिंतीवर खुर्चीशेजारी लावलेली म्हणजे मापाचा अंदाज येतो. तयार मॉकअपमध्ये, म्हणजे रेडीमेड खोलीच्या चित्रात फोटो चिकटवला की, ४० सेंटिमीटरची प्रिंट सोफ्याएवढी दिसते आणि ग्राहक पार्सल उघडल्यावर हिरमुसतो. वेबवर टाकायची इमेज लांब बाजूने १२०० ते १५०० पिक्सेल, एसआरजीबी या वेबच्या नेहमीच्या कलर स्पेसमध्ये, मेटाडेटात (फाइलसोबतच्या माहितीत) तुमचं नाव. एवढ्यात चांगली मोठी प्रिंट कुणाला काढता येत नाही.

किती उरल्या ते खरं लिहा, प्रत्येक विक्रीनंतर बदला. आणि सोशल मीडियापेक्षा ईमेलची यादी जपा. नवी एडिशन आली की जुन्या ग्राहकांना दोन दिवस आधी कळवा, फोटोमागची चार वाक्यं लिहा, कुठे उभे होता, किती वाट बघितली. माझ्या बहुतेक विक्री या यादीतूनच होतात.

पॅकिंग

लहान प्रिंट सपाट पाठवा, अ‍ॅसिड फ्री स्लीव्हमध्ये, दोन कडक बोर्डांच्या मध्ये, प्रिंटचे कोपरे बोर्डाच्या कडेपासून चार बोटं आत. मोठ्या प्रिंट ट्यूबमध्ये, पण ट्यूब निदान १० सेंटिमीटर रुंद आणि जाड, बारीक ट्यूबमध्ये कॉटन पेपरला घड्या पडतात. प्रिंटवर ग्लासिन म्हणजे गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद ठेवून गुंडाळायचं, मॅटचा काळा भाग साध्या कागदाने घासला तरी चरा पडतो. हातात नायट्राइलचे, म्हणजे पातळ रबरी ग्लोव्ह्ज. इन्शुरन्स आणि ट्रॅकिंग दोन्ही.

सोबत एक चिठ्ठी घाला: सपाट टेबलावर उघडा, दोन्ही हातांनी धरा, फ्रेम करताना अ‍ॅसिड फ्री बोर्ड वापरा, काच प्रिंटला टेकू देऊ नका, शक्य असेल तर यूव्ही काच लावा, चिकटपट्टी आणि लॅमिनेशन नको, जपानी कागदाच्या हिंजवर (प्रिंट बोर्डाला धरून ठेवणाऱ्या छोट्या पट्ट्यांवर) गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावून घ्या. फ्रेमवाला चांगला असेल तर त्याला चिठ्ठी दाखवली की कळतं.

वाटेत प्रिंट खराब झाली तर वाद घालू नका, बदलून द्या, पण आधी खराब झालेली परत मागवा किंवा ती नंबरवरून फाडल्याचं दिसेल असा तिचा फोटो मागा. मग नवीन प्रिंट त्याच नंबरची आणि रजिस्टरच्या शेऱ्यात तारखेसकट नोंद.

एडिशन संपल्यावर

शेवटची प्रिंट गेली की साइटवरचं पान काढून टाकू नका, 'एडिशन संपली' लिहून तसंच राहू द्या, पुढे कुणी आपली प्रिंट विकायला काढली तर नवा ग्राहक तिथेच येऊन तपासतो. उरलेल्या टेस्ट पट्ट्या फाडा, एपी किती आणि कुठे आहेत ते रजिस्टरमध्ये लिहा, सगळ्या ग्राहकांना एडिशन बंद झाल्याचा एक ईमेल टाका. आणि रजिस्टर कुठे आहे, पासवर्ड काय आहे, मास्टर फाइलमधून आता आणखी प्रिंट काढायची नाही, हे घरातल्या एका तरी माणसाला बसवून नीट समजावून सांगा आणि कागदावर लिहूनही ठेवा.